दम धरू नका, दमाने घ्या

आपल्याकडे चालायला शिकवतात, बोलायला शिकवतात, लिहायला तर छडी घेऊन शिकवतात. श्वास घ्यायला मात्र कुणी शिकवत नाही. बाळ जन्मलं, रडलं, की तो विषय संपला. त्यामुळे श्वास ही शिकण्याची गोष्ट आहे असं आपल्याला वाटतच नाही. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. रोजचा श्वास शिकावा लागत नाही हे खरं, पण जीव वाचवणारा श्वास शिकावाच लागतो. तोही संकट येण्याच्या आधी, शांतपणे, पुन्हा पुन्हा. आणि तो शिकवायला लागणारा वेळ जिथे जिथे कापला जातो, तिथे कुणाच्या तरी जिवाशी खेळ चाललेला असतो.

हे मला दोन ठिकाणी कळलं. एक मालवणच्या पाण्यात, स्कुबा शिकताना. दुसरं त्याच्या कितीतरी आधी, बल्लारपूरला, कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या मामूंच्या तोंडून. दोन्ही ठिकाणचा धडा एकच होता: तोंडाने श्वास घ्या.

मी ऊर्जानगरचा. चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राची ही वसाहत. १९८३ मध्ये केंद्राचा पहिला संच सुरू झाला, त्या सुरुवातीच्या दिवसांत अब्बा इथे नोकरीला आले आणि आम्ही इथलेच झालो. एका बाजूला चिमण्या, दुसऱ्या बाजूला ताडोबाकडे जाणारं जंगल. केंद्राला पाणी इरई धरणाचं. लहानपणी अंधार पडल्यावर बाहेर खेळायचं नाही ही ताकीद असायची, कारण बिबट्या कधी वस्तीच्या कडेला येईल याचा नेम नसायचा. इथल्या माणसाला वाघाची सवय आहे. समुद्राची नाही. पूर्वेच्या या टोकापासून पश्चिमेच्या त्या टोकापर्यंत अख्खा महाराष्ट्र ओलांडला तेव्हा कुठे मालवण येतं.

तिकडे मी स्वतःहून गेलो नसतो. मुलगी पुण्यात शिकते. तिने दोघांची नावं घातली आणि मग फोन केला. "अब्बू, तुम्हाला पोहता येतं ना? मग चला." पोहता येतं हे खरं. मामूंनी वर्धा नदीत शिकवलं होतं. पण स्कुबासाठी त्यातलं अर्धं विसरावं लागतं, हे तिथे गेल्यावर कळलं.

पोहताना आपण तोंडाने हवा आत घेतो आणि पाण्यात नाकाने सोडतो. चांगला पोहणारा हे विचार न करता करतो. स्कुबामध्ये नाक पूर्ण सुट्टीवर. घ्यायचं तोंडाने, सोडायचंही तोंडाने. ऐकायला इतकं सोपं की हसू येतं. सर्दी झाली की आपण रात्रभर तेच तर करतो! पण छातीएवढ्या पाण्यात गुडघे टेकून, दातांत रबराचा तुकडा धरून, डोकं पाण्याखाली घातलं की शरीर ऐकत नाही. चेहऱ्याला पाणी लागताच श्वास आपोआप थांबतो. ही आपली भित्री सवय नव्हे, ही शरीराची जुनी रचना आहे. पाणी चेहऱ्यावर आलं की हवा बंद कर, ठोके कमी कर, असा हुकूम मेंदू देतो. सीलपासून माणसापर्यंत सगळ्या सस्तन प्राण्यांत तो कमी-अधिक आहे. प्रशिक्षक सांगत असतो श्वास घ्या, शरीर सांगत असतं घेऊ नको. आणि शरीराचा आवाज मोठा असतो.

त्यातही नाक सोडणं अवघड, कारण नाक हा आपला दरवान आहे. येणारी हवा ते गाळतं, ओलसर करतं, कोमट करतं. मोठे धूलिकण नाकातच अडकतात. बारीक कण मात्र नाकालाही दाद देत नाहीत, ते थेट फुप्फुसात उतरतात. अम्मी आम्हाला दटावायची, "मुँह बंद रख, नाक से साँस ले." चंद्रपूरच्या आईने असं म्हणण्याला कारण आहे. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची मोजणी केली, तेव्हा सत्तरच्या वर गुण म्हणजे प्रदूषण अतिगंभीर, असा निकष होता. चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले आणि देशात चौथा नंबर आला. कोळसा, सिमेंट, राख, ट्रकांची धूळ, उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांवर जाणारा पारा, या सगळ्यात वाढलेल्या माणसाला नाक बंद कर म्हणणं म्हणजे दरवानाला घरी पाठवून दार सताड उघडं ठेव म्हणण्यासारखं.

पाण्याखाली हा दरवान खरोखरच नको असतो. सिलिंडरमधली हवा आधीच गाळून भरलेली असते. ती अगदी कोरडी असते, म्हणून अर्ध्या तासात घसा सुकतो आणि वर आल्यावर आधी पाणी आठवतं. पाण्यात राहून पाणी पाणी करणारे लोक मी तिथेच पाहिले.

पण मग मास्कने नाक झाकतात कशाला, हा प्रश्न मला पडला होता. पोहायचा साधा चष्मा का चालत नाही? उत्तर दाबात आहे. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. वर एक, दहा मीटरवर दोन, वीस मीटरवर तीन. हा दाब मास्कमधल्या हवेलाही दाबतो आणि मास्क चेहऱ्याला शोषून धरतो. नाक आत असेल तर नाकाने हलकी फुंकर मारून आतला दाब सारखा करता येतो. नुसत्या चष्म्यात ती सोय नाही, तिथे डोळ्यांवरच ताण येईल. कानाचे दडे सोडवायलाही नाकच लागतं. मास्कवरून ते चिमटीत धरायचं आणि हळू जोर द्यायचा. या युक्तीला वाल्साल्व्हा या इटालियन वैद्याचं नाव आहे. म्हणजे नाक सुट्टीवर असलं तरी हाकेच्या अंतरावर हवं.

खरी परीक्षा मास्क काढायची. ओपन वॉटर नावाचा जो पहिला अभ्यासक्रम असतो, त्यात मास्क पूर्ण काढून निदान एक मिनिट पाण्याखाली श्वास घेऊन दाखवावा लागतो. मग तो पुन्हा चढवायचा, वरची कड कपाळाशी दाबायची, नाकाने हवा सोडायची आणि आतलं पाणी खालून बाहेर ढकलायचं. नाक उघडं, नाकात पाणी, आणि तोंडाने श्वास चालू. माझं पहिलं मिनिट वीस सेकंदांत संपलं. दुसरं चाळीस सेकंदांत. प्रशिक्षक मालवणचाच तरुण, माझ्या भाच्याच्या वयाचा. तो एकदाही वैतागला नाही. "काका, वेळ आपलाच आहे," एवढंच म्हणायचा.

तिथे मला एक गोष्ट उपयोगी पडली, ती सांगतो. वुजू करताना आपण तीनदा नाकात पाणी घेतो आणि शिंकरून टाकतो. दिवसातून पाच वेळा, वर्षानुवर्षं. त्यामुळे नाकात पाणी गेलं म्हणजे जग बुडालं असं मला वाटत नव्हतं. जलनेती करणाऱ्यांनाही ही सवय असेल. पण वुजूत त्या क्षणी आपण श्वास थांबवतो. इथे थांबवायचा नाही, एवढाच फरक, आणि सगळी अडचण त्या फरकातच आहे. टाळूचा मागचा मऊ भाग उचलला की नाकाची वाट घशापासून बंद होते. तो भाग आपण गिळताना रोज उचलतो, पण हवा तेव्हा उचलता येणं हा सरावाचा भाग. पाचव्या की सहाव्या वेळी तो कधी उचलला गेला मला कळलंही नाही. पाणी नाकात होतं, हवा तोंडातून येत होती, आणि मी शांत होतो. मुलगी समोर अंगठा आणि तर्जनी जोडून 'ठीक आहे' अशी खूण करत होती. अंगठा वर करायचा नाही, पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला' असा होतो.

(आमच्या दाढीवाल्या मित्रांसाठी एक माहिती: या मास्कला दाढी अडत नाही, मिशी अडते. नाकाखालच्या केसांतून पाणी झिरपतं. मिशी बारीक ठेवण्याचा हा फायदा कुठल्या मौलानांनी मला सांगितला नव्हता.)

आता सर्वांत महत्त्वाचा नियम. मराठीत 'दम' या शब्दाने किती कामं होतात पाहा. दम लागतो, दम कोंडतो, दम खातो, कुणाला दम देतो. आणि घाबरलेल्या माणसाला आपण सांगतो, दम धर. स्कुबामध्ये नेमकं हेच करायचं नसतं. दम धरायचा नाही. कधीच नाही. कारण साधं आहे. दहा मीटरवर तुम्ही छाती भरून हवा घेतली, समजा सहा लिटर. श्वास रोखून वर आलात तर वर दाब निम्मा, म्हणून तीच हवा बारा लिटर व्हायला बघते. फुप्फुसात तेवढी जागा नाही. ते फाटतं, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात, मेंदूपर्यंत जाऊ शकतात. यासाठी दहा मीटर खोलीही लागत नाही. पाच मीटरवरून आलात तरी हवा दीडपट होते, आणि छाती गच्च भरलेली असेल तर दीडेक मीटरही इजा करायला पुरे असतो. म्हणून रेग्युलेटर तोंडात नसेल त्या वेळीसुद्धा ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायला शिकवतात. हवा वाहती ठेवा, हा त्याचा अर्थ.

दम कोंडल्याची भावना येते कुठून, याचंही उत्तर सापडलेलं आहे. आपल्याला वाटतं ऑक्सिजन कमी पडला. पण श्वासाची आच लावणारा मुख्य वायू कार्बन डायऑक्साइड आहे, हे जॉन स्कॉट हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ मध्ये दाखवलं. घाबरलेला माणूस भराभर, वरवर श्वास घेतो. आतली वापरलेली हवा नीट बाहेर पडत नाही, कार्बन डायऑक्साइड साठतो, घुसमट वाढते, म्हणून तो आणखी भराभर श्वास घेतो. पाठीवर सिलिंडर भरलेला असताना माणसाला हवा पुरत नाही असं वाटतं ते यामुळे. उपाय हवा ओढण्यात नाही, सोडण्यात आहे. लांब, सावकाश, पूर्ण. मराठीत यालाही दमाचाच शब्द आहे: दमाने घ्या.

हे हॉल्डेन मला जवळचे वाटतात ते आणखी एका कारणाने. ते कोळसा खाणींचे अभ्यासक होते. खाणीत स्फोट झाल्यावर कामगार कशाने मरतात याचा त्यांनी शोध घेतला, आणि १८९६ च्या अहवालात सांगितलं की बहुतेकांना आग किंवा दगड मारत नाही, कार्बन मोनॉक्साइड मारतो. त्याला वास नाही, रंग नाही. खाणीत पिंजऱ्यातला छोटा पक्षी न्यावा, तो आधी कोसळतो, ही सूचना त्यांची. ब्रिटनच्या खाणींत कॅनरी पक्षी १९८६ पर्यंत होते. आणि याच माणसाने १९०८ साली पाणबुड्यांनी किती खोलीवरून किती थांबत वर यावं याची कोष्टकं तयार केली. आज मालवणला जो कुणी डाइव्ह करतो त्याच्या मनगटावरच्या यंत्रात त्या विचाराची पुढची पिढी आहे. त्यांचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला गेला, तो इथलाच होऊन.

खाण आणि समुद्र यांचं हे नातं श्वासाच्या यंत्रांतही आहे. हेन्री फ्लूस या इंग्रजाने पाठीवर वागवायचं श्वासयंत्र बनवलं. १८८० मध्ये अलेक्झांडर लॅम्बर्ट नावाचा पाणबुड्या ते लावून पाण्याने भरलेल्या सेव्हर्न बोगद्यात उतरला आणि दार बंद करून आला. तसलीच यंत्रं पुढे विषारी वायूने भरलेल्या खाणींत बचावासाठी गेली. १९४३ मध्ये कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी ज्या रेग्युलेटरने आजचा स्कुबा घडवला, तो मुळात युद्धकाळात पेट्रोलच्या टंचाईत मोटारी वायूवर चालवण्यासाठी केलेल्या झडपेतून आला. गान्यां वायूंचा इंजिनिअर होता. अग्निशामक जवान पाठीवर जो संच बांधतात तोही त्याच घराण्यातला. तुम्ही ओढाल तेव्हाच आणि तेवढीच हवा, हे तत्त्व सगळीकडे एक.

म्हणूनच मामूंची आठवण सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. भूमिगत खाणीत उतरताना त्यांच्या कमरेला एक डबा असायचा, सेल्फ-रेस्क्यूअर. आग लागली, धूर झाला, की डबा उघडायचा, रबराचा तुकडा दातांत धरायचा, नाकाला चिमटा लावायचा आणि तोंडाने श्वास घेत बाहेर चालत यायचं. सुट्टीत आम्ही मुलं जमलो की मामू नाक चिमटीत धरून अंगणाची एक फेरी मारायला लावायचे. आम्हाला तो खेळ वाटे. मध्येच कुणी नाक सोडलं की म्हणायचे, "गेला तू."

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट तेव्हा कळली नाही, मालवणला कळली. गाळणीच्या प्रकारच्या डब्यात कार्बन मोनॉक्साइडचं रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये होतं, आणि त्यात उष्णता निघते. बाहेर विषारी वायू जितका जास्त तितकी तोंडात येणारी हवा गरम. तोंड पोळतं, घसा सुकतो. ज्याला शिकवलेलं नाही त्याला वाटतं डबा बिघडला, आणि तो तोंडातून काढतो. ज्याला शिकवलेलं आहे त्याला कळतं की हवा गरम आहे म्हणजे डबा काम करतोय, काढू नको. तोंडातला डबा तोच, बोगदाही तोच. एक घरी येतो, दुसरा येत नाही. मधलं अंतर फक्त सरावाचं.

आता मालवणकडे परत. आमचा अभ्यासक्रम चालू होता त्याच दिवसांत शेजारी दुसरा व्यवहारही चालू होता. पोहता येत नसलं तरी चालेल, अनुभव घ्या, फोटो-व्हिडिओसकट. यात पाहुण्याला सोबत्याने धरूनच ठेवलेलं असतं, खोली काही मीटरच असते. सुट्टीच्या दिवसांत बोटींमागून बोटी सुटतात. सगळे तसे करत नाहीत, काहीजण चांगला अर्धा तास शिकवतात, ते मी पाहिलं आहे. पण एका बोटीवर, नाव घेत नाही, एका बाईंना जेमतेम पाच मिनिटं सूचना दिल्या गेल्या. साताऱ्याकडच्या असाव्यात, सोबत नवरा आणि दोन मुलं. पाण्यात डोकं घालताच त्या ठसकल्या आणि वर आल्या. सोबती म्हणाला, "ताई, काही होत नाही. फक्त तोंडाने श्वास घ्या." त्या पुन्हा गेल्या, पुन्हा वर आल्या. तिसऱ्यांदा नको म्हणाल्या, तेव्हा बोटीवरून कुणीतरी म्हटलं, पैसे परत मिळत नाहीत हां.

माझं भांडण त्या 'फक्त' शी आहे. त्या फक्तमध्ये काय काय आहे ते वर सांगितलं: चेहऱ्याला पाणी लागताच श्वास बंद करणारा मेंदू, उचलावा लागणारा टाळू, साठणारा कार्बन डायऑक्साइड, मास्कमधून झिरपणारं पाणी. हे सगळं पाच मिनिटांत कुणी शिकत नाही. मग काय होऊ शकतं? मास्कमध्ये पाणी येतं. माणूस सवयीने नाकाने ओढतो. पाणी घशात जातं, ठसका लागतो. रेग्युलेटर तोंडात ठेवून त्यातूनच खोकता येतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून तो रेग्युलेटर थुंकतो आणि हात झटकून, दम धरून वर झेपावतो. ज्या एका गोष्टीसाठी जन्मभर 'कधीच नाही' सांगायचं, तीच तो करतो. आपल्याकडे अडचणीत सापडलेल्या माणसाच्या नाकातोंडात पाणी गेलं म्हणतात. इथे ती म्हण राहत नाही, ती घडते. सोबत्याने वेळीच धरलं म्हणून बहुतेकदा निभावतं. पण निभावलं म्हणजे शिकवलं नव्हे.

यावर मला मिळणारी उत्तरं मला माहीत आहेत. पहिलं, स्थानिक पोरांच्या पोटावर पाय देऊ नका. अजिबात देत नाही. मासेमारी करणाऱ्या घरांतल्या मुलांनी हे कौशल्य शिकून आपल्या गावात रोजगार उभा केला, पावसाळ्यात तो बंद असतो आणि उरलेल्या महिन्यांत वर्षाची भाकरी कमवायची असते. माझा स्वतःचा प्रशिक्षक त्यातलाच. पण घाई त्याच्या फायद्याची नाही. एका जिवाचं बरंवाईट झालं की अख्ख्या किनाऱ्याचा धंदा बसतो. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघं गेले. ते श्वास न शिकल्याने गेले नव्हते, तो अपघात बोटीचा होता. पण त्यानंतर प्रश्न सगळ्यांनाच विचारले गेले. दुसरं उत्तर, लोकांनाच घाई असते, एका दिवसात सिंधुदुर्ग किल्ला, स्कुबा आणि रात्रीची गाडी. हे खरं आहे. म्हणून हा लेख किनाऱ्यावरच्यांसाठी आहे तेवढाच आपल्यासारख्या पर्यटकांसाठीही आहे. पाच मिनिटांत मासे दाखवा म्हणणारे आपणच असतो.

मागणी फार मोठी नाही. ज्याला पाण्याखाली न्यायचं त्याला आधी उथळ पाण्यात उभं करा. डोकं पाण्यात घालून तो तोंडाने शांतपणे दहा-पंधरा श्वास घेतो का पाहा. मास्कमध्ये मुद्दाम थोडं पाणी घेऊन त्याला ते स्वतः काढता आलं पाहिजे. रेग्युलेटर तोंडातून काढून पुन्हा लावता आला पाहिजे. दमा आहे का, सर्दी आहे का, छातीचं काही दुखणं आहे का, हे विचारा आणि उत्तर ऐका, नुसती सही घेऊ नका. हे जमेपर्यंत बोट हलू नये. ज्याला जमलं नाही त्याला नको म्हणण्याचा हक्क असावा, आणि त्या हक्काची किंमत बुडालेले पैसे ही नसावी. तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाची स्कुबा शिकवणारी संस्था आहे. शिकवायचं कसं हे महाराष्ट्राला माहीत नाही असं नाही. जे माहीत आहे ते बोटीपर्यंत पोचायला हवं.

आणि हाच हिशेब आमच्याकडे, खाणी-कारखान्यांच्या मुलखात. मी काही वर्षं विदर्भातल्या एका खासगी कारखान्यात होतो. तिथे श्वासयंत्राचा सराव म्हणजे एक जण संच घालून दाखवायचा, बाकीचे टाळ्या वाजवायचे आणि रजिस्टरवर सही करून चहाला जायचे. कंत्राटी पोरांना तर तेवढंही नसे. मुखवटा ज्याच्या चेहऱ्यावर कधी बसलाच नाही, त्याला धुरात तो बसवता येणार नाही. पूर्ण चेहऱ्याच्या मुखवट्याला मिशीसारखी दाढीही अडते, कडेने हवा शिरते, हे घालून पाहिल्याशिवाय कुणाला कळणार? पाहून पोहता येत नाही, तसं पाहून श्वासही घेता येत नाही. प्रत्येकाच्या दातांत तो रबराचा तुकडा एकदा तरी गेला पाहिजे, प्रत्येकाने नाकाला चिमटा लावून निदान दहा मिनिटं चाललं पाहिजे. कंत्राटदाराच्या माणसालाही, कारण वायू हजेरीपट बघून येत नाही.

चौथ्या दिवशी आम्ही खऱ्या समुद्रात उतरलो. मालवणचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पाणी ताडोबाच्या पहाटेसारखं धुकट होतं, हातभर पुढचं दिसे आणि मग अचानक खडकावरून माशांचा थवा निघे. माझं लक्ष माशांकडे होतं. श्वासाकडे नव्हतं. तो चालू होता, तोंडाने, सावकाश, त्याचा त्याचा. शिकवणाऱ्याने वेळ दिला होता म्हणून हे जमलं. त्या बोटीवरच्या बाईंना तो वेळ मिळाला असता, तर तेच मासे त्यांनीही पाहिले असते. पोरांना हाताशी धरून कोरड्या केसांनी बोटीच्या कडेला बसून राहण्याची वेळ त्यांच्यावर आली नसती.

दिवाळीत ऊर्जानगरमधली दोन-तीन कुटुंबं कोकणात निघाली आहेत. स्कुबा करावा का, असं मला विचारलं. जरूर करा म्हटलं. बोट ठरवताना दर विचारू नका, आधी विचारा, उथळ पाण्यात किती वेळ देणार. समोरचा हसून 'फक्त तोंडाने श्वास घ्यायचा असतो' म्हणाला, तर दुसरी बोट बघा.